लिंडेन कूलीची पाच अंश ऊब

कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातल्या लिंडेन कूली गावात आज थंडी किती, हे एल्मर पँक्रॅट्झ सांगायचा. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून एकोणीस वर्षं रोज सकाळी सातला घराच्या मागच्या भिंतीवरचा थर्मामीटर बघायचा आणि लॉर्नच्या कॉफीच्या दुकानातल्या फळ्यावर आकडा लिहायचा. आसपासच्या गावांपेक्षा तो पाच अंशांनी वरच असे. दरीत वारा अडतो, असं सगळे सांगत. वेशीवर 'प्रांतातलं उबदार गाव' अशी पाटी लागली. हुल्डा रेम्पेल तर गुडघ्यांसाठी खास इथे राहायला आली.

यंदा जानेवारीत शेजारच्या बेकरीची भट्टी दुरुस्तीला बंद झाली, आणि थर्मामीटर पाच अंशांनी उतरला. थंडीची लाट असेल, असं एल्मरला वाटलं. आठवड्याने भट्टी पेटली, तसा आकडा पुन्हा चढला. त्याने हातमोजा काढून भिंतीला हात लावला. बेकरीची नि त्याच्या घराची मागची भिंत सलग एकच. चांगली कोमट होती.

तो तडक लॉर्नकडे गेला. "अरे, एकोणीस वर्षं मी बेकरीच्या भिंतीचं तापमान सांगतोय!"

"मग माझे गुडघे काय फळा वाचून बरे झाले?" तिथेच कॉफी पीत बसलेली हुल्डा म्हणाली.

एल्मरने प्रामाणिकपणे विचार केला. "असतीलही."

हुल्डाने त्याच्याशी बोलणंच टाकलं.

त्याने थर्मामीटर अंगणातल्या खांबावर हलवला. आकडा शेजारच्या गावांइतकाच येऊ लागला. लोक म्हणाले, जागा चुकली.

"एकोणीस वर्षांचा पुरावा खरा, की तुझा आठवड्याचा?" लॉर्नने विचारलं.

"पण तो पुरावा मीच दिला होता ना!"

"म्हणूनच तर. तेव्हा तुझी नजर चांगली होती."

गावाची बैठक झाली. एल्मरचे आभार मानून त्याला कामातून मोकळं केलं. जुना थर्मामीटर त्याच भिंतीवर, पण बेकरीच्या बाजूला गेला, आणि तो बघायचं काम हुल्डाकडे. दोन दिवस एल्मर धड जेवला नाही.

आता रोज सकाळी हुल्डा येते, आकडा टिपते आणि कोटाची बटणं न लावता तरातरा निघून जाते. एल्मर स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघतो. अंगणातला त्याचा नवा थर्मामीटर उणे एकतीस दाखवत असतो. बाई खरंच कुडकुडत नाही, आणि ते कसं काय, हे काही त्याला कळलेलं नाही.