जावई पहिल्या पटावर

भोपाळमधल्या आमच्या पिपलानीच्या बुद्धिबळ क्लबात मी सर्वांत वाईट खेळतो आणि म्हणूनच मला पहिल्या पटावर बसवतात.

यात विनोद नाही, धोरण आहे. शेजारच्या क्लबांशी सामने होतात तेव्हा प्रत्येक संघाचे चार खेळाडू चार पटांवर बसतात. पहिल्या पटावर समोरचा संघ आपला सर्वांत भारी माणूस बसवतो. त्याच्यापुढे चांगला खेळाडू ठेवून वाया कशाला घालवायचा? त्यापेक्षा मला ठेवावं. मी हरतो, आणि उरलेल्या तीन पटांवर आमची चांगली माणसं त्यांच्या कच्च्या माणसांना उरकतात. हा शोध आमच्या कप्तानाचा, आणि कप्तान म्हणजे माझे वडील. (मुलाचा इतका नेमका उपयोग फार थोड्या बापांना सुचतो.)

या युक्तीने बाबांनी आसपासचे सगळे क्लब हरवले होते. अपवाद एकच, चार इमलीचा क्लब. तिथे सगळे आजी-माजी अधिकारी. फाइल दाबून ठेवावी तसा ते डाव दाबून ठेवतात. समोरचा माणूस कंटाळून स्वतःच हरतो. बाबांनी या उन्हाळ्यानंतर कप्तानपद सोडायचं ठरवलं होतं. "जाण्यापूर्वी एकदा चार इमली," असं ते रोज सकाळी चहाबरोबर म्हणत. यंदाचा सामना ही शेवटची संधी होती.

सामन्याच्या सकाळी चार इमलीच्या कप्तानांनी, म्हणजे दुबे साहेबांनी, त्यांच्या संघाची नावं बाबांच्या मोबाइलवर पाठवली. बाबांनी ती वाचली आणि कपबशी खाली ठेवली.

"घात झाला!"

"काय झालं?"

"दुबेने आपलीच युक्ती उचलली. पहिल्या पटावर त्यांचा सगळ्यात कच्चा माणूस बसवलाय."

"कोण?"

"तुझे सासरे."

माझे सासरे, नाना, नागपूरचे. सरकारी नोकरीनिमित्त भोपाळला आले आणि इथलेच झाले. चार इमलीतल्या क्लबात ते खेळायला नव्हे तर गप्पा मारायला जात, असा त्यांचा स्वतःचाच दावा होता. त्यांचा खेळ पाहता तो खोटा म्हणता येत नाही.

बाबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "म्हणजे आज तुला जिंकावं लागेल," ते म्हणाले. असं वाक्य आमच्या घरात यापूर्वी कुणी उच्चारलेलं नव्हतं.

"बाबा, पण ते नाना आहेत."

"व्याही चहाच्या टेबलावर. पटावर कुणी व्याही नसतं."

मी कपडे बदलायला आत गेलो तर बायको, मंजिरी, दार लावून उभी.

"तू नानांना हरवायचं नाहीस."

"का?"

"का म्हणजे? महिना कुठला आहे?"

महिना अधिक होता. त्याच संध्याकाळी नाना आणि सासूबाई मला अधिकाचं वाण देणार होते. पाट, रांगोळी, चांदीचं निरांजन, तेहतीस अनारसे, सगळी तयारी झाली होती.

"सकाळी चार लोकांसमोर त्यांना हरवणार आणि संध्याकाळी त्यांच्याच हातून वाण घेणार? शोभतं का ते?"

"अगं, पण बाबांची शेवटची संधी आहे."

"आणि माझे बाबा फुकटचे आहेत का? बस, मला काही ऐकायचं नाही."

आता एक माहिती इथेच देणं योग्य ठरेल, जरी ती मला त्या वेळी नव्हती. त्याच सुमारास चार इमलीत सासूबाई नानांना सांगत होत्या, "अहो, अधिकात जावई म्हणजे साक्षात विष्णू. विष्णूला हरवायचं नसतं. मुकाट्याने हरून या." नानांनी मान डोलावली होती. हरणं हा त्यांचा हातखंडा विषय होता.

सामना आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये होता. कूलर विमानासारखा ओरडत होता आणि वारा फक्त दुबे साहेबांना लागत होता. मी पटावर जाऊन बसलो. समोर नाना, इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला गंध.

"काय जावईबापू, बरे आहात ना?"

"हो नाना. तुम्ही?"

"आम्ही काय, मजेत. तुम्ही बिनधास्त खेळा हो. आमचा काही विचार करू नका."

"नाही नाना, तुम्हीच बिनधास्त खेळा."

"शांति रखिए," पंच म्हणाले.

चटकन हार पत्करणं दोघांनाही शक्य नव्हतं. माझ्यामागे बाबा उभे होते आणि नानांमागे दुबे साहेब. म्हणजे हरायचं, पण ते खेळून हरल्यासारखं दिसलं पाहिजे. हे जिंकण्यापेक्षा अवघड असतं याची मला कल्पना नव्हती.

सुरुवातीलाच नानांनी आपला वजीर माझ्या प्याद्याच्या माऱ्यात आणून ठेवला. फुकट! मी तो पाहिला, कपाळाला आठ्या घातल्या आणि दुसऱ्या टोकाचं प्यादं सरकवलं. मग मी माझा हत्ती त्यांच्या उंटाच्या तोंडी दिला. नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि उंट उलट दिशेला नेला.

मागे कुजबुज सुरू झाली.

"वजीर का नाही घेतला?"

"जाळं असणार."

"मुफ़्त का हाथी छोड़ दिया! भाई, गहरी चाल है, गहरी."

बाबांनी माझा खांदा दाबला. त्या दाबण्यात अभिमान होता.

इकडे उरलेले पट संपत आले. दुसऱ्या पटावर आमचा माणूस जिंकला, तिसऱ्यावर हरला आणि चौथ्यावर बरोबरी झाली. दीड-दीड! आता सामन्याचा निकाल पहिल्या पटावर, म्हणजे दोन्ही क्लबांतल्या सर्वांत वाईट खेळाडूंच्या हाती होता, आणि ते दोघेही हरायला बसले होते. बाकीच्या पटांवरचे सगळे आमच्याभोवती गोळा झाले. कुणीतरी खुर्चीवर चढून पाहू लागला.

नाना आता घायकुतीला आले होते. त्यांनी राजाच बाहेर काढला. एकेक घर चालत तो माझ्या मोहऱ्यांच्या गर्दीत आला आणि माझ्या हत्तीच्या बरोबर समोर उभा राहिला. मध्ये फक्त माझा घोडा.

"नाना जी, ये क्या कर रहे हैं?" दुबे साहेबांना राहवलं नाही.

"बोलना मना है," पंच म्हणाले.

"मैं बोल नहीं रहा, मैं रो रहा हूँ!"

मला मात्र राजा दिसत नव्हता. मी घोडा कुठे द्यावा या विवंचनेत होतो. शेवटी एक जागा सापडली. तिथे नानांचं प्यादं घोड्याला सहज मारणार होतं. यापेक्षा सोपा घास मी देऊ शकत नव्हतो. मी घोडा उचलला, तिथे ठेवला, घड्याळ दाबलं आणि मंजिरीला काय सांगायचं याची मनात जुळवाजुळव करू लागलो.

नानांचा चेहरा उजळला. त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला.

"मेलो! वा जावईबापू, मेलो!"

"कोण मेलं?" मी विचारलं.

घोडा हलल्यामुळे मागच्या हत्तीचा शह मोकळा झाला होता. प्याद्याने घोडा मारला तरी शह तसाच राहत होता आणि राजाला सरकायला एकही घर नव्हतं. मात! ही मात सर्वांत शेवटी मला कळली. तोपर्यंत बाबांनी मला मिठी मारली होती आणि दुबे साहेब कूलरसमोर जाऊन उभे राहिले होते.

"ही खेळी तुला कधीपासून दिसत होती?" बाबांनी विचारलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"झाला थोडा वेळ," मी म्हणालो.

संध्याकाळी आम्ही सगळे नानांकडे गेलो. वाटेत मंजिरी माझ्याशी बोलली नाही. पाटावर बसलो, सासूबाईंनी ओवाळलं, वाण दिलं. जेवताना मात्र मंजिरीचा बांध फुटला.

"नाना, मी याला बजावून सांगितलं होतं हो, तुम्हाला हरवू नकोस म्हणून."

नानांचा घास हातातच राहिला. "म्हणजे हे हरायला बसले होते? अगं बाई, मग मी काय करत होतो? तुझ्या आईनं मला हरायला पाठवलं होतं!"

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. चार इमलीवरचा त्यांचा पहिला आणि शेवटचा विजय दोन माणसांच्या हरण्याच्या शर्यतीतून आला होता. बाबांनी वरणावर तूप घेतलं, भात कालवला आणि म्हणाले, "निकालाच्या पाटीवर कारण लिहीत नाहीत." मग त्यांनी आणखी भात मागून घेतला. त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान तसूभरही कमी झालं नव्हतं.

जेवणानंतर नानांनी घरातला पट काढला. "जावईबापू, आता कुणाची तंबी नाही, कुणी पाहत नाही. एक डाव मनापासून होऊन जाऊ द्या."

मी बाह्या सरसावल्या. एकेक खेळी पुन्हा पुन्हा तपासली. मंजिरीने पंखा माझ्याकडे वळवला, बाबा श्वास रोखून बसले. सासूबाई चहा घेऊन आल्या तेव्हा माझा राजा आडवा पडलेला होता.

"अहो, हे काय!" त्या नानांवर कडाडल्या. "आत बोलावून पुन्हा बजावलं होतं ना, आजच्या दिवस जावयाला हरवू नका म्हणून?"

"अगं, शपथ घेऊन सांगतो," नाना काकुळतीला येऊन म्हणाले, "मी आत्ताही हरायचाच प्रयत्न करत होतो!"

मी मात्र जिंकायला बसलो होतो.