सतरा माणसांची एक ओळ

माझ्या दिराच्या मनगटावर एक काळं घड्याळ हाय. ते त्याला सांगतं, आज तू किती पावलं चाललास. दिवाळीला आला तेव्हा खर्डी स्टेशनातून रिक्षा केलीन, आन रिक्षा सोडल्यावर अर्ध्या तासाचा चढ. वर येऊन धापा टाकत मला मनगट दाखवतो, "वयनी, सहा हजार पावलं." मी बोलले, "मी आज तीनदा खाली जाऊन आले, माझी कुठं लिहिलीत?" तो हसला. मला काय हसू आलं नाय, डोक्यावर हंडा होता.

मी रुपाली, आमच्या वाडीची आशा. गरोदर बायांची नोंद, पोरांचे डोस, कुणाला ताप, कुणाला इंचू चावला, सगळं माझ्याकडं. हरेश माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा तो पाचवीत होता आन त्याचं नाक मीच पुसायचे, म्हणून त्याला भावजी-बिवजी काय नाय, नुसता हरेश. आश्रमशाळा, मंग शहापूरला कॉलेज, मंग कसलासा कोर्स, आन आता ठाण्यात एका कंपनीत डेटा ॲनालिटिक्सचं काम. हा शब्द वाडीत कुणाला धड बोलता येत नाय. बुधूकाकानं, म्हणजे त्याच्या चुलत्यानं, एकदा सरळ विचारलं, "म्हंजी दिवसभर करतोस तरी काय रे?" हरेश बोलला, "काका, सुपात तांदूळ घोळतात ना, तसंच. खडे काढायचे, दाणा ठेवायचा." बुधूकाकाला पटलं. पण त्याला कळेना, या कामाला कोट घालून कशाला बसतात.

मला मोबाईलचा राग हाय, सांगून टाकते. लोक म्हणतात मोबाईलनं काम सोपं झालं. ज्यांचं झालं त्यांचं झालं असंल. आधी मी वहीत लिहायचे, झालं. आता वहीतबी लिहायचं, मोबाईलमध्येबी भरायचं, आन भरायला वर खडकावर जायचं, कारण रेंज तिथंच येते. तिथं बसलं की तो गोल फिरत राहतो. अर्धा फॉर्म भरला की बंद पडतो, परत नाव, परत गाव. आन वरून शहापूरहून फोन येतो, "मॅडम, तुमची एन्ट्री झीरो दिसते." मी त्या पोरीला एकदा बोलले, "गो बाई, तू ये वर, खडकावर बस माझ्यासंगती, मंग झीरो का ते दिसंल." उंटावरून शेळ्या हाकायला काय लागतं.

त्यातून वाडीत ज्या पोरांकडं मोबाईल हाय ती कामाला भिवंडीला. म्हाताऱ्यांच्या हातात ते खेळणं देऊन उपयोग नाय. म्हणून कुठलाबी फॉर्म असो, नंबर माझा. रेशनचा मेसेज मला, गॅसचा मेसेज मला, बँकेचा मला. सगळ्या वाडीची घंटी माझ्या पदरात वाजते. आन जन्मतारखेचं तर विचारूच नका. कार्ड काढायला जो पोरगा आला होता तो घाईत होता. म्हाताऱ्यांना साल विचारलं, तर एक सांगतो धरणाचं काम निघालं त्याच्या आधीचा, दुसरी सांगते मोठ्या वादळाच्या साली मी रांगत होते. त्यानं डोकं खाजवलं आन सगळ्यांना एकच तारीख ठोकली, एक जानेवारी पंचावन्न. आमच्या वाडीत सगळी म्हातारी माणसं एकाच दिवशी जन्मली.

आता ठकीकाकीचं सांगते. हरेशची सख्खी काकी. नवरा गेलेला, मूलबाळ नाय. डावा डोळा दहा वर्षांमागं करवंदीच्या काट्यानं गेला, राहिला उजवा. तेवढ्यावर ती एकटी राहायची, कुणाच्या दारात जायची नाय. आषाढ-श्रावणात जंगलात शिरून करटुली काढायची आन खर्डी स्टेशनाबाहेर बसून विकायची. करटुलीचा वेल हिरव्यात हिरवा, दोन डोळ्यांच्या माणसाला दिसत नाय, हिला एका डोळ्यानं दिसायचा. हरेश कॉलेजात गेला तेव्हाचे त्याचे पहिले बूट तिच्या करटुलीचे. गेल्या पावसात मात्र ती हात चाचपत वेल शोधाय लागली, तेव्हा मी ओळखलं.

नोव्हेंबरात भातं कापून झाली आन खर्डीत डोळे तपासायचा कॅम्प लागला. मुरबाडच्या पुढं एका ट्रस्टचं हॉस्पिटल हाय, त्यांचा. मी वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना गोळा करून नेलं. सतरा जणांना मोतीबिंदू निघाला. ठकीकाकीचा डोळा बघून डॉक्टरीणबाईनं मला बाजूला घेतलं. "हिचा पूर्ण पिकलाय. पंधरा दिवसांच्या आत झालाच पाहिजे. आत दाब वाढला तर डोळा जाईल, मग आम्ही काही करू शकत नाही." सतरांचे फॉर्म मी भरले. सतरांना नंबर एकच, माझा. तारीख एकच, एक जानेवारी. चार डिसेंबरला ऑपरेशनला बोलावलं.

ऑपरेशनला निघायच्या दोन दिवस आधी हरेशचा फोटो आला मोबाईलवर, हातात सर्टिफिकेट घेतलेला. मी फोन केला. बोलला, "वयनी, आपल्याच भागातल्या डोळ्यांच्या पेशंटची यादी होती, पाच तालुक्यांची. अठ्ठेचाळीस हजार नावं. त्यातली नऊ हजार दोनदोनदा आलेली, ती मी शोधून काढली. नियम माझा होता." मला वाटलं, आपलं पोर आपल्या मातीच्या उपयोगी पडलं. वाडीत सगळ्यांना सांगत सुटले. काकी बोलली, "मंग आपला नंबर चुकायचा नाय."

चार तारखेला जीप केली. शहापूर, किन्हवली करत दहाला मुरबाडच्या पुढं हॉस्पिटलात पोचलो. काकीनं नवं लुगडं नेसलं होतं. खिडकीवरच्या माणसानं यादी बघितली आन बोलला, "तुमच्या गावचा एकच पेशंट आहे. बुधू."

मी बोलले, "सतरा हायत. हे बघा, समोर उभे हायत."

"सिस्टीममध्ये एक आहे. बाकीचे डुप्लिकेट म्हणून गेले."

मी त्याच्या समोर एकेकाला उभं केलं. ही ठकी, एकच डोळा हाय, तोबी पिकलाय, डॉक्टरीणबाईला विचारा. डॉक्टरीणबाई त्या दिवशी दुसऱ्या कॅम्पला. बुधूकाका पुढं झाला, "माज्या जागी हिला घ्या. माजं काय एवढं नाय, मला दिसतं अजून." तो माणूस बोलला, "बाबा, अंगठा तुमचा लागतो. हिचा लावला तर मशीन घेत नाही." खोटं नाय सांगत, माणूस वाईट नव्हता. त्यालाबी वाईट वाटत होतं, पण त्याच्या हातात ते मशीनच होतं. बुधूकाका बोलला, ठकी नाय तर मीबी नाय. मीच त्याला आत ढकलला. निदान एक खाट तरी वाया जायला नको. बाकी सोळा जणांना घेऊन परत आले.

खडकावर जाऊन हरेशला फोन लावला. सगळं सांगितलं. मंग हळूच विचारतो, "वयनी, सगळ्यांना नंबर तुझाच दिला होता?"

"मंग कुणाचा देऊ, कलेक्टरचा?"

"आन तारीख?"

तेव्हा मला उमगलं. त्याचा नियम तोच होता. गाव एक, मोबाईल एक, जन्मतारीख एक, तर माणूस एकच समजायचा. नाव बघायचंच नाय, कारण म्हणे एकच माणूस ठकी लिहितो, ठकुबाई लिहितो, नावाचा भरवसा नाय. पहिली ओळ ठेवायची, बाकीच्या उडवायच्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी बोलले, "हरेश, तू कुठं जन्मलास रे? तुला ठावं नाय वाडीत मोबाईल किती हायत? तुझ्या आईच्या कार्डावर कुठली तारीख हाय, विसरलास?" तो बोलला, "वयनी, अठ्ठेचाळीस हजार ओळी होत्या." ओळी. माणसं नायच, ओळी. आपलेच दात आन आपलेच ओठ, करणार काय.

बोलला, काळजी करू नको, तीन दिवसांत दुरुस्त करतो. तो खोटारडा नाय, त्याला खरंच तसं वाटत होतं. मी बोलले, काकीला तुझ्याकडं ठाण्याला पाठवू का, मोठ्या दवाखान्यात? तो बोलला, "तिथं नव्यानं नंबर लावावा लागंल वयनी, त्यापेक्षा इथं लवकर होईल. तिकीट टाकलंय मी." तिकीट म्हणजे तक्रार, हे मला नंतर कळलं. तीन दिवसांनी फोन केला तर पुन्हा तीन दिवस. त्याचा साहेब बोलला होता, नियम आता बदलता येणार नाय, नऊ हजारांचा आकडा वरच्यांना दाखवून झालाय, बदल करायचा तर मार्चनंतर. हरेश त्याच्याशी भांडला. साहेब त्याला बोलला, "एका गावासाठी सगळा डेटा खराब करू का?"

सहा दिवस असे गेले, मंग आठ, मंग दहा. शेवटी हरेशनं काय केलं, तर सोळा वेगळे नंबर गोळा केले. एक स्वतःचा काकीला लावला. एक त्याच्या ऑफिसातल्या दिशा नावाच्या पोरीचा, एक त्याच्या घरमालकाचा, एक चहावाल्याचा, असे. ज्यांनी आमची वाडी जन्मात बघितली नाय त्यांचे नंबर आमच्या माणसांपुढं लिहिले, आन सोळाच्या सोळा नावं एका दमात यादीत आली. खरं लिहिलं तर सतरांचा एक माणूस, आन खोटं लिहिलं तर सगळे जिवंत. हरेश मला फोनवर बोलला, "वयनी, आता डेटा क्लीन हाय." पण त्याचा आवाज रडवेला होता.

मधल्या दिवसांत काकीनं डोक्याला फडकं बांधायला सुरुवात केली होती. मी विचारलं तर बोलली, चुलीचा धूर लागला. दोन दिवस तिनं मला सांगितलंच नाय. डोळा लाल, डोकं फुटायला आलेलं, आन ही गप. का, तर हरेशला त्रास होईल, पोर तिकडं खटपट करतंय. मला कळलं तशी मी तिला शहापूरला नेली. तिथं थेंब दिले आन बोलले, ऑपरेशनलाच न्या. दुसऱ्या दिवशी यादी आली, पण तारीख पुढच्या आठवड्याची. बैल गेला आन झोपा केला.

तेवीस तारखेला परत मुरबाड. या वेळी हरेश सुट्टी टाकून आला होता. डॉक्टरीणबाई होत्या. काकीचा डोळा बघून त्यांनी बॅटरी खाली ठेवली आन मला विचारलं, "मी पंधरा दिवस सांगितले होते ना?" मी हरेशकडं बघितलं. ऑपरेशन केलं, कारण दुखणं तरी थांबायला पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी पट्ट्या काढल्या. व्हरांड्यात सोळा जण ओळीनं बसलेले. कुणी समोरचा डोंगर बघतंय, कुणी स्वतःच्या हाताची बोटं मोजतंय, एकजण मला बोलला, "रुपाली, तू बारीक झालीस गो." काकीची पट्टी काढली. डॉक्टरीणबाईनं तिच्यापुढं बोटं धरली, दोन, मंग चार. काकी शांतपणे बोलली, "उजेड हाय." एवढंच.

हरेश तिच्या पायाशी बसला होता. बाहेर जाऊन रडावं तर तेबी त्याला जमेना. तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. तिच्या नावापुढं नंबर त्याचा होता ना. मेसेज हॉस्पिटलचा. 'ठकीजी, आपली शस्त्रक्रिया पूर्ण झाली. आमची सेवा कशी वाटली? पाचपैकी तारे द्या.'

काकीनं आवाज ऐकला. "काय बोलतो रे मोबाईल?"

हरेशनं मोबाईल माझ्यापुढं धरला. मीच सांगितलं, "विचारतायत, ऑपरेशन कसं झालं."

काकीनं लुगड्याचा पदर नीट केला. बोलली, "चांगलं झालं म्हणून सांग. दुखायचं थांबलं. दिसत नाय ते नको सांगू, एवढ्या लोकांनी धावपळ केली, त्यांना वाईट वाटंल."

हरेश मोबाईल हातात घेऊन तसाच बसला. मी बोलले, "एक तारा दाब. आन खाली लिही, दिसत नाय."

तो माझ्याकडं न बघता बोलला, "वयनी, हे आकडे आमच्याच ऑफिसला येतात. हजार जणांनी पाच दिले आन एकानं एक दिला, तर तो एक आमी काढून टाकतो. चुकून दाबला गेला असं धरतो."

"कोण काढतं?"

"मीच काढतो."

काकी आमच्या आवाजाच्या दिशेनं तोंड करून बसली होती. मी त्याच्या हातातला मोबाईल घेतला, परत त्याच्याच हातात दिला आन बोलले, "तरी तूच दाब."