बेचाळिसावं नाव

सोमवारी सकाळी, तिकडच्या वेळेप्रमाणे सव्वासहा वाजता, बस निघाली. यादीत बेचाळीस नावं होती. बसमध्ये एक्केचाळीस माणसं बसली. सीमा ओलांडल्यावर भारतीय दूतावासाच्या माणसाने दोनदा मोजणी केली आणि आकडा तोच आला. उरलेलं नाव रायपूरच्या एका नर्सचं होतं.

तिचं नाव आणि त्या देशाचं नाव घरच्यांच्या सांगण्यावरून इथे देत नाही. युद्ध सुरू असलेल्या एका शहरात ती एका म्हाताऱ्या बाईची देखभाल करत होती, एवढं वाचकांना पुरेल.

माझी तिची ओळख दवाखान्यातली. मी आरोग्याच्या बातम्या करायचो आणि ती सरकारी दवाखान्याच्या बायकांच्या वॉर्डात संविदेवर, म्हणजे कंत्राटावर, होती. पहिल्या भेटीत मी तिला विचारलं होतं, "लग्नाच्या जेवणातून विषबाधा झालेले चाळीस पेशंट आले म्हणे?" ती एका बाईची नाडी बघत होती. तिने मोकळा हात वर करून मला थांबवलं, घड्याळाकडे पाहत अर्धा मिनिट मोजलं आणि मग म्हणाली, "पाह्यलं का आयकलं?"

"ऐकलं."

"मग मोजा ना जी. खाटा समोरच आहेत."

मी मोजले. तेवीस भरले. ती मागून आली. "ते दोन पेशंट नाहीत. नातेवाईक आहेत, झोपून राहिले." तिने दोघींना उठवलं. "एक पेशंट, एक आदमी. बाकी बाहर." बातमी एकवीसची गेली. दुसऱ्या दिवशी बाकीच्या पेपरांत चाळीस होते. त्यानंतर मी तिला विचारल्याशिवाय दवाखान्याचा आकडा लिहिला नाही.

अडतीस वर्षांची, बुटकी, चालण्यात घाई आणि बोलण्यात अजिबात नाही. वडील गोंदियाकडून रेल्वेच्या नोकरीत रायपूरला आले आणि इथेच वारले. आता धाकटा भाऊ रेल्वेत आहे. त्याच्या क्वार्टरमध्ये ती आणि आई राहत. आई वऱ्हाडी बोलायची, भाऊ सगळं समजून हिंदीत उत्तर द्यायचा आणि ही दोघांशी अर्धं-अर्धं बोलायची.

सरकारी दवाखान्यात ज्यांनी कधी एखादी ड्यूटी बदलताना पाहिली असेल त्यांना माहीत असेल. येणारी नर्स आणि जाणारी नर्स दोघी मिळून प्रत्येक खाटेपाशी जातात. कोणाला काय दिलं, कोणाला काय द्यायचंय, कोण रात्रभर कण्हत होतं, ते सांगितलं जातं. याला चार्ज देणं म्हणतात. पुष्कळ ठिकाणी हे टेबलावर बसूनच उरकतं. ती खाटेपाशी जायची. आणि बदलीची नर्स आली नाही तर निघायची नाही.

भावाच्या साखरपुड्याच्या दिवशी तिची ड्यूटी दुपारी दोनला संपणार होती. कार्यक्रम तात्यापाऱ्यात, एका छोट्या हॉलमध्ये. मलाही बोलावणं होतं. बदलीवर येणारी नर्स आलीच नाही. ही साडेसहाला आली, पांढऱ्या कपड्यांतच. तोवर अंगठ्या घालून झाल्या होत्या आणि पाहुणे आइसक्रीमवर होते.

"ये बाई ये," आई सगळ्यांसमोर म्हणाली. "भावाचं झालं. आता तुह्या लग्नात नवरदेवाले म्हणशील, थांबा जी, चार्ज देऊन येतो."

"मंग? वॉर्ड काय तसाच सोडून येऊ?"

"वॉर्ड तुह्या बापाचा हाय का?"

"बापाचा असता तं सोडला असता," ती म्हणाली आणि भावाच्या होणाऱ्या बायकोच्या वाटीतलं आइसक्रीम खाऊ लागली.

दोन वर्षांपूर्वी संविदा संपली आणि पुढे वाढली नाही. महिनाभर ती घरी होती. मग एका एजन्सीकडून तिकडचं काम आलं: घरी राहून एका म्हातारीला सांभाळायचं, करार दोन वर्षांचा. जाण्याआधी काय काय न्यायचं ते घ्यायला ती गोल बाजारात आली तेव्हा मी सोबत होतो, कारण सामान उचलायला माझी स्कूटर लागणार होती. तिने एक लोखंडी तवा बराच वेळ उलटापालटा करून पाहिला.

"कितने दिन टिकेगा, भैया?"

"दीदी, लाइफटाइम है," दुकानदार म्हणाला.

"किसका? मेरा या तवे का?"

दुकानदार हसला. तीही हसली. तवा घेतला.

तिकडे पहिलं वर्ष बरं गेलं. म्हातारी शहाऐंशीची, एक बाजू लुळी, मुलगा दूरच्या दुसऱ्या देशात. सुरुवातीला दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. ही तिच्याशी सरळ मराठीत बोलायची आणि तिला आजी म्हणायची. फोनवर मला एकदा सांगितलं, "आजीले पोहे आवडले. मुलाले फोन करून सांगितलं म्हणे की ही पोरगी मले तांदूळ चेपून खाऊ घालते."

करार या उन्हाळ्यात संपत होता. पुढे वाढवायचा की परत यायचं, हे तिला ठरवायचं होतं. इकडे नर्सच्या पक्क्या जागांची भरती निघणार असं भावाला कोणीतरी सांगितलं होतं. आई दर रविवारी विचारायची, "कधी येऊन राहिली?" ती म्हणायची, "पाहू." भरतीचं विचारलं तर म्हणायची, "त्याने पाह्यलं का आयकलं?"

मग युद्ध सुरू झालं.

तोवर मी डेस्कवर आलो होतो. वृत्तसंस्थांच्या, म्हणजे एजन्सीच्या, बातम्या घराघरांत पोचायच्या आधी आमच्या स्क्रीनवर येतात. तिच्या वस्तीचं नाव मी कागदावर लिहून कीबोर्डखाली ठेवलं होतं, कारण त्याची अक्षरं लक्षात राहत नव्हती. बातमी आली की आधी त्या नावाचा शोध घ्यायचा, सापडलं नाही की मग बातमी वाचायची. पहिल्या आठवड्यात ते नाव आलं नाही. दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या वस्तीचं आलं.

इमारतीच्या तळघरात आसरा होता, पण भोंगा वाजला की लिफ्ट बंद व्हायची आणि तीन मजले म्हातारीला उचलून नेणं तिला शक्य नव्हतं. दोघी बाथरूममध्ये बसायच्या. तिथे खिडकी नव्हती. म्हातारी स्टुलावर, ही खाली फरशीवर. हे तिने मला सांगितलं होतं, आईला नाही.

"कुठं बसली?" आई फोनवर विचारायची.

"किचनमध्ये."

फोन ठेवल्यावर आई मला म्हणाली, "भाऊ, किचनमध्ये आवाज असा घुमत नाही." टीव्हीवर तिने एक जुनी चादर टाकली होती. भावाच्या बायकोने एकदा ती काढली, तर आईने पुन्हा टाकली. सकाळी बुद्धवंदना झाली की ती फोन मांडीवर घेऊन बसायची. तिकडची वेळ तिला घड्याळ न पाहता सांगता येऊ लागली: आपल्यातून अडीच तास वजा.

तिसऱ्या आठवड्यात दूतावासाने बसची सोय केली. विमानं बंद होती, शेजारच्या देशापर्यंत रस्त्याने जायचं होतं. त्या दिवशी आईने पहिल्यांदा विचारलं नाही, सांगितलं.

"तू ये."

"हव, आई."

तिने फॉर्म भरला. दुसऱ्या दिवशी दूतावासातून भावाला फोन आला. भावाने मला फोन केला. तो घाबरलेला होता आणि थोडा चिडलेलाही.

"भैया, दीदी ने फॉर्म में दो नाम लिखे हैं."

"दुसरं कोणाचं?"

"बुढ़िया का. रिश्ते के कॉलम में लिखा है, पेशंट."

बस भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांसाठी होती. दुसरं नाव खोडलं गेलं. म्हातारीच्या मुलाने दूरवरून धावपळ केली आणि त्याच शहरातली एक बाई ठरवली. ती रविवारी दुपारी बारा वाजता येणार, चार्ज घेणार आणि ही सोमवारी पहाटे बसच्या जागी पोचणार. तिने बॅग भरली. भावाने दिल्लीपासून रायपूरपर्यंतचं तिकीट काढून ठेवलं.

रविवारी आपल्याकडे दुपारचे अडीच वाजले, म्हणजे तिकडचे बारा. बदली आली नाही. पाच वाजता तिच्या वस्तीचं नाव स्क्रीनवर आलं. लोकांनी घरं सोडावीत असा इशारा होता. मी तिला फोन लावला. पहिल्यांदाच तो लगेच लागला.

"तुमच्या भागाचं नाव आलंय," मी म्हणालो. "घरं सोडा म्हणताहेत."

"पाह्यलं का आयकलं?"

"एजन्सीवर आलंय."

"म्हणजे आयकलं." मग ती म्हणाली, "आमच्या जिन्यातून लोक खाली चालले, भैया. मी पाह्यलं. खालचे गेले, समोरचे गेले. एक जण आपली मांजर घेऊन गेला."

"तुम्ही निघा."

"ते बाई पुलाच्या तिकडून येणार होती. पूल बंद आहे म्हणतात."

"मग ती येणार नाही."

"सकाळपर्यंत पाहतो."

"भीती वाटते का?" हा प्रश्न मी बातमीदार म्हणून शेकडो लोकांना विचारला असेल.

"हव, जी. आजीचं इंजेक्शन दोनदा चुकलं. दोनदा टोचलं मी तिले. तिनंच बाही पुन्हा वर केली." आणि मग, "आईले सांगू नका."

सोमवारी सकाळी साडेआठला, बस सुटायला पंधरा मिनिटं असताना, तिचा संदेश आला. तो मी इथे आहे तसा देतो.

"बदली नाही आली. जिन्यापर्यंत गेली होती बॅग घेऊन. आजीने दार लोटायला सांगितलं, म्हणाली जा. वापस आली. आईले तुम्ही सांगा, मले जमत नाही."

मी रेल्वे कॉलनीत पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. बस गेली होती. भाऊ ड्यूटीवर होता. आईने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन गॅस बंद केला. दूध उतू गेलेलं होतं. ते पुसत पुसत तिने पाठमोरीच विचारलं,

"बस सुटली का?"

"हो."

"पोरगी?"

मी संदेश वाचून दाखवला. तिने पूर्ण ऐकला. फडकं पिळलं, पुन्हा ओटा पुसला.

"भाऊ, तुम्ही मले असं काहून नाही सांगत की बस आलीच नाही?" ती म्हणाली. "बस पंचर झाली म्हणा. डायवर पळून गेला म्हणा. लोकाले दोष देता येते मंग." थोड्या वेळाने, "तिकडं ते म्हातारी म्हणते जा. इकडं मी म्हणतो ये. दोन म्हाताऱ्या सांगून राहिल्या अन् पोट्टी एकीचं आयकत नाही."

तिने मला चहा दिला. दूध राहिलं नव्हतं, काळाच दिला. स्वतः घेतला नाही.

मंगळवारी दूतावासाने कळवलं की दुसऱ्या बसची तारीख ठरलेली नाही. बुधवारी तिच्या वस्तीत दोन इमारती पडल्याची बातमी आली. कोणत्या इमारती, ते त्या बातमीत नव्हतं. भावाने मला कार्यालयात येऊन गाठलं आणि नकाशावर बोट ठेवून विचारलं, "भैया, ये वाली है क्या? ये वाली?" मला सांगता आलं नाही. मग तो घरी न जाता स्टेशनकडे गेला.

शुक्रवार सकाळपासून त्या भागातले फोन आणि वीज दोन्ही बंद आहेत. हे लिहीपर्यंत सुरू झालेले नाहीत. ठरवलेली बदलीची बाई सुखरूप आहे. ती पुलाच्या पलीकडून रविवारीच परत फिरली होती.

त्याआधीचं जे हाती आहे ते गुरुवारचं. म्हातारीच्या मुलाला त्या दुपारी व्हिडिओ कॉल लागला होता. त्याने तो रेकॉर्ड करून भावाकडे पाठवला. एकूण एकोणीस सेकंदांचा आहे. म्हातारी भिंतीला टेकून बसलेली दिसते. एका बाजूने चमचा धरलेला हात दिसतो. चेहरा दिसत नाही. आवाज येतो, "घे आजी, अजून एक." आईने तो आवाज ओळखला. चौदाव्या सेकंदाला बाहेर मोठा आवाज होतो आणि चमचा थांबतो. सतराव्या सेकंदाला तो पुन्हा पुढे जातो.