कोपऱ्यातला हिरवा चौकोन

कचेरीच्या नकला विभागातल्या टाइपकाकांना एकतीस वर्षांत कुणी चूक दाखवली नव्हती, आणि दाखवायची कुणाची छातीही नव्हती. डोळे मूळ कागदावर, बोटं कीबोर्डवर, आणि पडद्याकडे नजर टाकायची ती जेवून आल्यावर, सकाळची सगळी पानं तपासतानाच. पडदा बघत टाइप करणाऱ्यांना ते 'चाचपडे' म्हणत.

अशा माणसाची एका आठवड्यात तीन पानं बिघडली. वरचं अर्धं पान ठाकठीक. खालच्या अर्ध्यात अक्षरं मराठीच, पण अर्थ लागेल तर शपथ!

गुन्हेगार शोधायला काकांना फार वेळ लागला नाही. खोलीत कॉम्प्युटर एक आणि टाइप करणारी माणसं दोन: सकाळी काका, दुपारी हंगामी नेमणुकीवरची एक मुलगी. काकांची बोटं जुन्या टाइपरायटरवरच्या अक्षरांना सरावलेली, तर ती उच्चाराप्रमाणे टाइप करणारी. म्हणून तिनं एक चिमुकला प्रोग्राम बसवला होता. त्यानं कीबोर्डवरच्या अक्षरांची मांडणी बदलता येई. काकांची असली की पडद्याच्या कोपऱ्यात लाल चौकोन, तिची असली की हिरवा. तो प्रोग्राम कसा चालतो हे सांगायला ती आली, तेव्हा काका म्हणाले, "मी मशीनवर बसायला लागलो तेव्हा तू जन्मलीही नव्हतीस." झालं शिक्षण.

आता मात्र काकांच्या मनात संशयाची पाल चुकचुकली. महिनाअखेर तिच्या मुदतवाढीचा कागद साहेबांपुढे जायचा होता. म्हातारा निकामी ठरला की हिची जागा पक्की! ती पाणी प्यायला उठली तरी काका मान वळवून बघू लागले.

"अहो, पोर साधी वाटते," घरी बायको म्हणाली.

"साध्या दिसतात त्याच पोचलेल्या असतात."

एक दिवस डबा अर्धाच टाकून ते परतले, तर ही त्यांच्या खुर्चीत, त्यांचंच पान उघडून बसलेली. त्यांना पाहून दचकली, गडबडीनं उठली. काकांना आणखी काय हवं होतं? संध्याकाळी तक्रार साहेबांच्या हातात पडली आणि सोमवारपासून तिला येऊ नको म्हणून सांगण्यात आलं.

मंगळवारी पुन्हा अर्धं पान बिघडलं.

खोलीत दुसरं कुणीच नव्हतं. जाता जाता काहीतरी करून गेली असणार, असं पुटपुटत काकांनी खुर्ची पुढे ओढली आणि पडद्यावर डोळे रोवून टाइप करायला घेतलं. परिच्छेद संपला. जुन्या मशीनवर ओळ संपली की दांडा सरकवायचा, त्या सवयीनं त्यांचा डावा हात उचलला गेला आणि खाली येताना कीबोर्डच्या कोपऱ्यातल्या दोन कळांवर एकदम पडला. चौकोन हिरवा झाला. त्यांनी पुन्हा हात आपटला. लाल. पुन्हा आपटला. हिरवा.

स्वतःची इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

ते उठले ते थेट साहेबांकडे. साहेब म्हणाले, "तक्रार खोटी होती असं लेखी द्यावं लागेल. तुमच्या सेवापुस्तकात नोंद होईल." काकांनी तिथेच उभ्यानं लिहून सही केली आणि पत्ता घेऊन तिचं घर गाठलं.

दार तिनंच उघडलं. काकांनी सगळं सांगून टाकलं. तिला जराही नवल वाटलं नाही.

"मला माहीत होतं, काका. तुम्ही जेवायला गेलात की मी तुमची बिघडलेली पानं परत टाइप करून ठेवायचे. त्या तीन पानांना तेवढा वेळ मिळाला नाही."

"मग सांगायचं होतंस गं मला!"

"ऐकलं असतं तुम्ही?"

काका चाचरत म्हणाले, "साहेबांना लेखी दिलंय मी. उद्या येशील?"

"साहेबांचं पत्र येऊ दे, मग बघते," ती म्हणाली. घरात या असं काही ती म्हणाली नाही. हळूच दार लावून घेतलं.