तरंगत्या गावाला भरती नव्हती

माझ्या गावाची लोकसंख्या एकशे एकेचाळीस होती आणि त्यातला एकही माणूस खरा नव्हता. मुलगी शिकायला पुण्याला गेली तेव्हा तिचा जुना लॅपटॉप घरी राहिला. जाण्याआधी तिने त्यावर एक गेम घालून दिला. समुद्राच्या मधोमध तरंगणारं एक गाव वसवायचं आणि चालवायचं, असा तो गेम. राहायला घरं, खायला शेवाळाची शेती, खाऱ्या पाण्याचं गोडं करणारं यंत्र, कचऱ्याची सोय, मासेमारीच्या होड्या. वरच्या कोपऱ्यात रहिवाशांच्या समाधानाची टक्केवारी. "बाबा, हा तुमच्यासाठीच बनवलाय," ती म्हणाली. "नुसते आकडेच आकडे आहेत."

मी रोज संध्याकाळी सात ते आठ खेळत असे. चाळीस दिवसांचं गोडं पाणी शिल्लक असल्याखेरीज नवीन घर बांधायचं नाही, हा माझा नियम. पनवेलमध्ये ज्याने सोसायटीची टाकी आणि टँकर सहा वर्षं सांभाळले आहेत, त्याला हा नियम समजावून सांगावा लागणार नाही. माझ्या गावात वादळाने एकही घर बुडालं नाही. मुलगी फोनवर म्हणायची की तिच्या मैत्रिणीच्या गावात दोन हजार लोक आहेत, नाट्यगृह आहे. मी विचारलं, पाणी किती दिवसांचं आहे? ते तिला सांगता आलं नाही.

सासरे आमच्याकडे आले ते हाताला प्लॅस्टर घालून. उरणच्या बाजूला खाडीकाठी त्यांचं कोळीवाड्यातलं घर आहे. वय शहात्तर. सासूबाई गेल्यापासून एकटेच राहतात. होडी विकून आठ वर्षं झाली, तरी बंदरावर जायचं चुकवत नाहीत. तिथल्याच पायरीवर घसरले आणि मनगट मोडलं. प्लॅस्टर सहा आठवड्यांत निघालं. पण तोवर शेजारणीने बायकोला फोनवर सांगून झालं होतं की, म्हातारा कधी पहाटे भात शिजवतो, कधी भर दुपारी दार उघडं टाकून झोपतो, त्याला वेळेचं भान राहिलेलं नाही.

बायको त्यांची एकुलती एक. तिने ठरवलं की बाबांना आता परत पाठवायचं नाही. सासऱ्यांनी वाद घातला नाही. ते फक्त रोज एकदा विचारायचे, "जावईबापू, मना कवा सोडताय?" पिशवी त्यांनी भरूनच ठेवली होती. तिच्यातून लागेल तेवढं काढायचे आणि धुऊन झालं की परत तिच्यातच ठेवायचे.

असल्या प्रश्नाला रोज वेगळं उत्तर देणं मला बरं वाटेना. म्हणून मी एक नियम सुचवला आणि तो दोघांनी मान्य केला. सलग पंधरा दिवस बाबांचं उठणं, चहा, जेवण, झोपणं ठरलेल्या वेळी झालं, तर त्यांना वेळेचं भान आहे असं धरायचं आणि गावी सोडायचं. नाही झालं, तर ते आमच्याकडेच राहतील आणि गावच्या घराला कुलूप लागेल. इकडेतिकडे पंधरा मिनिटांची सवलत. मी तक्ता आखून फ्रिजवर लावला. मी ऑफिसात असताना बायको नोंद करणार होती. सासऱ्यांनी तक्ता नीट पाहिला आणि म्हणाले, "लिवा. बरं हाय."

पहिल्या दिवशी सकाळचा चहा सव्वाचारला झाला. दुसऱ्या दिवशी पाचला. तिसऱ्या दिवशी पावणेसहाला. चहा ते स्वतःच करून घेत, त्यामुळे उशिराचा दोष दुसऱ्या कुणावर जात नव्हता. बारा-साडेबारा तासांनी दुसरा चहा, तोही तसाच सरकलेला. झोप दिवसातून दोन तुकड्यांत. जेवणाला आमच्याबरोबर साडेआठला बसायचे, पण भूक नसली की पोळी ताटात फिरवत राहायचे आणि मग भलत्याच वेळी उठून भात खायचे. मी प्रत्येक ओळीपुढे फुली मारत गेलो. बायको येता-जाता फुल्या पाहायची. हे तिच्या म्हणण्याप्रमाणेच होत होतं, पण त्याचा तिला आनंद झालेला दिसला नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सासरे माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसले आणि लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहू लागले. मी त्यांना गाव दाखवलं. पाण्याचं यंत्र, शेवाळाची शेती, घरांच्या रांगा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग होड्यांवर बोट ठेवलं.

"या कवा निंगतात?"

सकाळी सहाला, मी म्हणालो. रोज. कामाच्या पाळ्यांची वेळ आपणच लावायची असते.

"रोज सहाला?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला घराचा हप्ता चुकवल्यासारखं वाटलं. "मंग यांना मासली कोन देतो?"

मी सांगितलं की या गेममध्ये रोज सारखीच मासळी मिळते. ते म्हणाले, आज पावणेसात लावा. मी लावली. वेळ बदलायला दोन बटणं दाबावी लागतात, एवढाच त्रास. दुसऱ्या दिवशी त्यांनी साडेसात सांगितली, तिसऱ्या दिवशी सव्वाआठ. मासळीत काही फरक पडला नाही. होडीवाल्यांचं समाधान मात्र दोन टक्क्यांनी उतरलं, कारण गेमच्या हिशेबात पाळी वारंवार बदललेली माणसांना आवडत नाही. हे मी सासऱ्यांना दाखवलं. ते म्हणाले, "यांचा दर्या खोटा हाय. घरं तरंगतात, पन पानी हालत नाय." पण मला त्यांनी वेळ बदलायला लावणं सोडलं नाही.

पुढच्या दिवशी ते म्हणाले, पावणेदहा. मी थांबलो. तोवर वेळ रोज पाऊण तासाने पुढे जात होती. आज एकदम दीड तास. मी विचारलं, नऊ म्हणायचं आहे का? "पावनेदहा," ते म्हणाले. मी तशी वेळ लावली आणि तक्त्याच्या शेरा या रकान्यात 'गोंधळ' असं लिहिलं. त्या दिवशी त्यांचा चहाही दीड तास पुढे गेला होता. त्याचाही शेरा लिहिला. खरं तर तिथेच मला कळायला हवं होतं.

कळलं दुसऱ्या दिवशी. गेममध्ये बदललेल्या पाळ्यांची यादी एका खिडकीत दिसते. मी ती उघडली होती आणि शेजारी फ्रिजवरचा तक्ता काढून आणला होता, कारण मला दोन्हीकडचा गोंधळ एका कागदावर मांडायचा होता. सकाळचा चहा: पावणेसहा, साडेसहा, सव्वासात, पावणेनऊ, साडेनऊ. होड्या: पावणेसात, साडेसात, सव्वाआठ, पावणेदहा, साडेदहा. प्रत्येक ओळीत फरक बरोबर एक तास.

मी पुन्हा तपासलं. मग स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरकडे गेलो. सासरे रोज सकाळी त्याच्यापुढे उभे राहायचे. आम्हाला वाटायचं, किती दिवस झाले ते मोजतात. पावणेसात ज्या दिवशी लावली त्या दिवशी नवमी होती. नऊची पाऊणपट पावणेसात. दशमीची साडेसात. एकादशीची सव्वाआठ. मग द्वादशी कुठेच नव्हती. तिचा क्षय होता आणि एकादशीच्या पुढच्या चौकोनात थेट त्रयोदशी छापली होती. तेराची पाऊणपट पावणेदहा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे मी बंदरावर कधीतरी ऐकलं होतं.

मी न्हावा शेव्याला एका जहाज एजंटाच्या ऑफिसात बावीस वर्षं कागदपत्रं तपासतो. रोज सकाळी माझ्या टेबलावर येणाऱ्या जहाजांचा तक्ता येतो. त्याच्या शेवटच्या रकान्यात भरतीची वेळ असते, कारण मोठी जहाजं भरती पाहून आत घेतात. मी तो तक्ता तपासतो, सही करतो आणि फाईलला लावतो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्यावर मी आदल्या आठवड्याचे तक्ते काढले. चतुर्दशीला सासऱ्यांच्या हिशेबाने भरती साडेदहाला होती. आमच्या कागदावर दहा बेचाळीस. बारा मिनिटांचा फरक, म्हणजे मी दिलेल्या सवलतीच्या आतच.

घरी येऊन सासऱ्यांना विचारलं, हे भरतीचं आहे, तर मला सांगितलं का नाही?

"तुमी लिवत होते की," ते म्हणाले. "मना वाटलं, तुमी शिकताय."

त्यांनी पुढे जे सांगितलं ते थोडक्यात असं. त्यांची डोल, म्हणजे पाण्यात बांधून ठेवायची पिशवीसारखी जाळी, पाण्याच्या ओढीवर चालायची. होडी भरतीला निघायची, त्याआधी तासभर उठून चहा, आणि ही येळ दिवसाला पाऊण तास सरकायची. चाळीस-पंचेचाळीस वर्षं शरीर त्याच वेळेवर चाललं. होडी विकली तरी बंदरावर त्याच वेळेला माणसं भेटतात. ओहोटीला तिथे कोण असणार? आणि पनवेलला आल्यावर ती येळ सोडली तर परत गेल्यावर पुन्हा लागायला कठीण, म्हणून ते कॅलेंडर बघून ती धरून राहिले होते. चौथ्या मजल्यावर. आमच्या गॅलरीतून विमानतळाच्या बाजूच्या क्रेन दिसतात, पाणी कुठेच दिसत नाही.

बायको दारात उभी राहून ऐकत होती. तिला मी एकवीस वर्षं ओळखतो, आणि आमच्या घरात साडेआठचं जेवण आठ पस्तीसला झालेलं मला आठवत नाही. ती म्हणाली की लहानपणी त्यांच्याकडे जेवण कधीही व्हायचं. शाळेत बाकीच्या मुली सांगायच्या की त्यांच्याकडे रात्री आठला ताटं मांडतात. हिला सांगण्यासारखी वेळच नव्हती. "मला वाटायचं, आमच्या घरात शिस्त नाही. मी ठरवलं होतं, माझ्या घरात सगळं घड्याळावर." मग ती वडिलांकडे वळली आणि लग्नानंतर आमच्या घरात मी कधी ऐकली नव्हती अशा बोलीत म्हणाली, "बाबा, मना तरी सांगायचं व्हतं."

"तू कोल्याची पोर," सासरे म्हणाले. "तुला काय सांगायचं?"

ती आत निघून गेली. थोड्या वेळाने आतूनच तिने मला विचारलं, मग ते पास की नापास, तेवढं सांगा.

नियम माझा होता, त्यामुळे उत्तरही मलाच द्यायचं होतं. मी आठही ओळी पुन्हा तपासल्या. ठरलेल्या वेळी, एवढंच आम्ही ठरवलं होतं. ती वेळ कुणी ठरवायची हे त्यात लिहिलं नव्हतं, ती चूक माझी. भरतीच्या हिशेबाने एकाही ओळीत पाच मिनिटांहून जास्त फरक नव्हता. 'गोंधळ' लिहिलेली ओळसुद्धा बरोबर होती. मी आठ फुल्या खोडल्या, प्रत्येक खोडाखोडीपुढे सही केली आणि तक्ता तिच्या हातात दिला. उरलेले सात दिवस आम्ही पाहिले नाहीत. तिनेच सांगितलं की नको.

तिची एक अट मात्र होती. रोज दिवसाउजेडी जो चहा येईल तो झाला की बाबांनी फोन करायचा. एकदाही चुकला तर परत पनवेल. सासऱ्यांनी ते लगेच मान्य केलं.

त्यांना सोडायला आम्ही रविवारी निघालो. सकाळी आठला निघू, बंदराच्या रस्त्याला ट्रेलर कमी असतात, असं मी सुचवलं होतं. सासरे म्हणाले, चतुर्थी हाय, अडीच-तीनला पोचायचं. म्हणून आम्ही एकला निघालो, उलव्याच्या पुढे ट्रेलरच्या रांगेत पस्तीस मिनिटं उभे राहिलो, आणि दोन चाळीसला पोचलो. सासरे घराकडे वळले नाहीत. पिशवी घेऊन सरळ बंदरावर गेले. पाणी वरच्या पायरीला लागलं होतं. होडीवर जाळं चढवत असलेल्या एका माणसाने मान वर केली आणि म्हणाला, "आला का रं?" सासरे "हा" म्हणाले आणि जाळ्याचं दुसरं टोक धरलं, बऱ्या झालेल्या हाताने. बायकोने त्या हाताकडे पाहिलं. ती पायऱ्या मोजत उभी होती. वरून तिसरी, जिथे ते घसरले होते, ती पाण्याखाली होती.

मी फ्रिजवर नवा तक्ता लावला आहे: तिथी, भरती, चहा, फोन. पंचमीला फोन पावणेतीनला यायला हवा होता, आला दोन पन्नासला. षष्ठीला साडेतीनला आला. पुढच्या दिवशी मी हिशेबाने सव्वाचार लिहून ठेवले होते आणि सुट्टी असल्याने घरीच होतो. फोन साडेतीनला वाजला. वेळेआधी पाऊण तास. बायकोच्या हातातून पळी पडली. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या घरून येणारा फोन वेळेआधी आला तर तो कसला असतो हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तिने फोन उचलला आणि तसाच माझ्याकडे दिला.

"चा झाला," सासरे म्हणाले.

मी विचारलं, एवढ्या लवकर?

"लवकर कुटं? आजपन षष्ठीच हाय. कालंदर बगा."

मी पाहिलं. दोन चौकोनांत षष्ठी छापली होती. तिथीचा क्षय मी तक्त्यात धरला होता, वृद्धी धरायची राहून गेली होती. मी सव्वाचार खोडले, साडेतीन लिहिलं, पुढे सही केली, आणि शेरा या रकान्यात चूक कुणाची ते लिहिलं. बायको पळी धुवायला गेली. मग तिने मला विचारलं की उद्याचा फोन किती वाजता. सव्वाचार, मी म्हणालो. ती म्हणाली, मग चहाही आपण तेव्हाच घेऊ.