मशीननं गाळलेली हाक

मल्लिनाथआप्पा माझे शेजारी. लातुरात आमच्या दोन घरांत एकच भिंत, तीही एका विटेची. त्यांच्या कुकरची शिट्टी झाली की माझा हात आधी माझ्या गॅसकडे जातो. आप्पांनी एकतीस वर्षं डाळमिलमध्ये काढली. तिथल्या धडधडीत कान गेले, पण पट्टा सैल झालाय की चाळणी तुंबलीय, हे त्यांना त्या धडधडीतूनच कळायचं. त्यांना विचारल्याशिवाय मालक मशीन उघडत नसे.

पुढे कानाला यंत्र आलं. शर्टाच्या खिशात डबी आणि डबीतून कानापर्यंत वायर. त्यातून सगळंच मोठं ऐकू यायचं: पंखा, पाण्याची मोटार, भाजीवाला, स्वतःचं भाकरी चावणं. आप्पा वैतागायचे. "एक बोलणं ऐकायला धा आवाज ऐकावे लागतेत, बाई," म्हणायचे. मी निवृत्त शिक्षिका, त्यामुळे सगळी गल्ली मला बाईच म्हणते.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोला, साखरामावशीला, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. समजतं सगळं. उरला तो एकच आवाज, "ऊंऽऽऽ", एकाच पट्टीत, दम असेपर्यंत. पाणी हवं, ऊंऽऽऽ. तोंडावर माशी बसली, ऊंऽऽऽ. पुष्कळदा काहीच नको असायचं. आप्पांनी वळून "काय गं साखरे" म्हटलं की तिचं काम झालेलं असायचं.

दिवाळीला नांदेडहून लेक आली, आरती. बापाला दुकानात नेऊन तिनं नवं डिजिटल मशीन बसवून दिलं. शेंगदाण्याएवढं, कानामागे लपणारं. आप्पा हरखून गेले. येईल त्याला, मावशीच्या खाटेवर बसूनच सांगायचे, "घर कसं गप झालं बगा! सगळी कटकट गेली. लई सुख हाय." मीही मान डोलावली. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय.

कारण भिंतीतून मला मावशी ऐकू येत होती. आधी नेहमीसारखी, मग लांबच लांब, पुन्हापुन्हा. मला वाटलं, आप्पा कंटाळले. तीन वर्षांनी माणूस कंटाळतोच. राग आला, पण दुसऱ्याच्या संसारात नाक कशाला खुपसा, म्हणून मी टीव्हीचा आवाज वाढवला. याची मला लाज वाटते. आठ दिवसांनी मावशीचा आवाज थांबला.

दोन दिवस तो आलाच नाही, तेव्हा वाटीभर गव्हाची खीर घेऊन मी गेले. "आप्पा, मावशीचा आवाज येत नाही. बरं नाही का तिला?"

"तेच तर, बाई. मशीन बसवल्यापून एकदाबी आवाज दिला न्हाई तिनं. आजार वाढला का काय, कळंना झालंय."

"एकदाही? अहो, आठ दिवस मी भिंतीपलीकडून ऐकत होते!"

आप्पांनी कानामागचं मशीन चाचपलं. माझा शब्दन् शब्द त्यांना स्वच्छ ऐकू आला होता. मावशी भिंतीकडे तोंड करून पडली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मशीनवाल्याकडे गेलो. भला माणूस, नीट समजावून सांगितलं. "तुमचं जुनं मशीन अ‍ॅनालॉग. आवाजाची लाट येईल तशी मोठी करून कानात सोडायचं. निवड करणं त्याला माहीतच नाही. हे डिजिटल. हे लाटेचे बारीक तुकडे मोजतं, त्यांचे आकडे करतं आणि त्यावरून बोलणं कुठलं, गोंगाट कुठला ते ठरवतं. बोलणं चढतं-उतरतं. एकसारखा घुमणारा आवाज म्हणजे पंखा नाहीतर मोटार. तो ओळखला की हे लगेच दाबून टाकतं." मग त्यांनी विचारलं, "मावशी आवाज कसा काढतात?"

भर दुकानात, चार परक्या माणसांसमोर, साठी उलटलेल्या मी "ऊंऽऽऽ" केलं. दम संपेपर्यंत केलं. आप्पा माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहत होते.

"करा की, बाई," ते म्हणाले.

गोंगाट दाबायची सोय त्या माणसानं बंद करून दिली. बाहेर पडताच रिक्षा, हॉर्न, लोखंडाच्या दुकानातली ठोकाठोक, सगळं एकदम कानात घुसलं आणि आप्पा रस्त्यातच उभे राहून रडले. घरी येऊन खाटेशी बसले. "साखरे, मशीननं दाबलं गं. म्या न्हाई." मावशीनं डोळे मिटून घेतले. मशीनचं तिला कितपत समजलं असेल, कुणास ठाऊक. आठ दिवस हाका मारल्या आणि उत्तरात 'कटकट गेली' ऐकलं, एवढं मात्र तिला नक्की समजलं होतं.

याला दीड महिना झाला. मध्यंतरी एका दुपारी भिंतीतून "ऊंऽऽऽ" आला. हातातली परात टाकून मी उठले, तोच ध्यानात आलं की पट्टी खालची आहे. आवाज आप्पांचा होता. दम संपेपर्यंत काढला, मग ते थांबले. थोड्या वेळानं पुन्हा काढला, पुन्हा थांबले.

आता रोज दुपारी करतात. तेवढ्यापुरता पंखाही बंद करतात, त्याची खटखट थांबलेली मला कळते. मग मीही टीव्ही बंद करते आणि भिंतीशी जाऊन उभी राहते. मावशीचं उत्तर अजून आलेलं नाही.