कन्या राशीतला घेवडा

अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरात, लॉरेल ओढ्याच्या खोऱ्यात, ऑर्फामावशीला विचारल्याशिवाय कुणी बटाटासुद्धा पुरत नसे. अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या दुकानाने जाहिरातीसाठी फुकट वाटलेलं कॅलेंडर तिच्या चुलीशेजारी टांगलेलं असे. चंद्र कुठल्या राशीत आहे ते त्यात पाहून ती अख्ख्या खोऱ्याची शेती चालवी. घेवडा मिथुनेत लावायचा. कन्येत लावला तर नुसती फुलं येतात, शेंग धरत नाही. यावर कुणाचं दुमत नव्हतं. बायबलच्या अर्थावरून मात्र तीन वेगवेगळी चर्च उभी राहिली होती.

त्या वसंतात मावशीने चष्मा न लावता कॅलेंडर पाहिलं आणि घेवडा नेमका कन्येत लावला. शेजारची डेल्सी कुंपणावरून बघत होती. रविवारी चर्चच्या पायरीवर तिने अगदी काळजीच्या सुरात, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, तो विषय काढला. मावशी डगमगली नाही. चूक झाली, म्हणाली. आता फुलंच येणार, एक शेंग धरली तर माझं नाव बदला. स्वतःचं पीक घालवून शास्त्र राखलं म्हणून तिचा मान उलट वाढला.

घेवड्याला मात्र हे कुणी कळवलं नव्हतं. जुलैत वेल शेंगांनी वाकले.

आयुष्यभराचा अधिकार असा मांडवाला लोंबकळत होता. मग रोज पहाटे, धुकं वर चढायच्या आत, मावशी स्वतःच्याच मळ्यात चोरासारखी शिरून शेंगा तोडू लागली. नवरा हर्शेल मक्याच्या पावाबरोबर दोन्ही वेळा घेवडा खाऊन टेकीला आला.

"ऑर्फा, सांगून टाक एकदाचं. फार तर लोक हसतील."

"हसू देत. पण मग विचारायला कोण येईल?"

त्यात शेजाऱ्यांना दया आली. बिचारीचं पीक बुडालं म्हणून जो तो टोपलीभर घेवडा आणून देऊ लागला. नको म्हणायची सोय नव्हती. एका दुपारी डेल्सीही टोपली घेऊन आली आणि शेंगा ओवून वाळत घालायला मदत म्हणून सुई-दोरा घेऊन पडवीत बसली. मावशीने पहाटे तोडलेल्या आणि लोकांनी दिलेल्या शेंगांचा ढीग एकत्रच करून ठेवला होता. ओवता ओवता डेल्सीच्या हाताला जांभळ्या रेघांची शेंग लागली. ते बी मावशीच्या आजीचं. खोऱ्यात दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. मग आणखी एक लागली. मग ओंजळभर.

डेल्सीने शेंग उजेडात धरली. मावशीची सुई थांबली.

डेल्सीने एकदा रस्त्याकडे पाहिलं आणि शेंग मुकाट्याने दोऱ्यात ओवली.

"मावशी, सलगम कधी पेरू गं?"

"चंद्र उतरणीला लागू दे. घाई केलीस तर नुसता पाला येईल."

"तू म्हणतेस म्हणजे येणारच," डेल्सी म्हणाली आणि पुढची जांभळी शेंग उचलली.